नदीचा पडदा

माहसुलतानचे दोन्ही हात कोपरापर्यंत निळे होते. ते कधी धुऊन निघतील ही आशा तिने लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी सोडली होती. काशानच्या रंगारी आळीत निळीच्या रांजणावर सून होऊन आलेली बाई ती; हात निळे झाले नसते तर सासूनेच संशय घेतला असता, की पोरगी काम करते की नुसती बसून असते. नवरा उस्ताद नूरुल्ला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी गालिचे विणणाऱ्या बाया लोकर रंगवायला तिच्याकडेच आणत. म्हणत, "खानम, तुझी नीळ तिसऱ्या पिढीच्या पायांखालीसुद्धा फिकी पडत नाही." माहसुलतान वरवर म्हणे, "देवाची कृपा." पण मनातून म्हणे, देवाची कृपा तर आहेच, पण तुरटी किती टाकायची ते मलाच ठाऊक आहे.

त्या वर्षी मोहरम गुलाबांच्या दिवसांत आला होता. मोहरमला तीन आठवडे राहिले असताना एका सकाळी दारावर काठीचे ठोके पडले.

"माहसुलतान, आहेस का गं?"

आवाज मुर्शिद सफरअलींचा. तो ओळखायला तिला चेहरा बघायची गरज नव्हती. चाळीस वर्षं हा माणूस तकियात, म्हणजे मोहरमला गाव जमतं त्या चौकात, पडदा टांगून, हातातल्या छडीने एकेक चित्र दाखवत करबलाची कथा गात आला होता: यजीदाच्या फौजेने नदीचं पाणी तोडून तहानलेल्या इमाम हुसेनांना मारलं ती. मुर्शिदांनी गळा लावला की भाजीवाला तराजू तसाच धरून उभा राही, आणि तान्ही पोरंसुद्धा रडायची थांबत. बहुधा आपल्यापेक्षा कुणीतरी चांगलं रडतंय हे त्यांना कळत असावं. आशूराच्या, म्हणजे मोहरमच्या दहाव्या दिवसाच्या, दुपारची ती कथा ऐकल्याशिवाय माहसुलतानला वर्ष सरल्यासारखंच वाटत नसे. गावात आणि मनात जे काही साचलेलं असे, ते सगळं त्या दुपारी धुऊन जाई.

"या मुर्शिद, या. चहा टाकते."

"चहा राहू दे. आधी ही मयत बघ."

त्यांनी खांद्यावरची गुंडाळी अंगणात उतरवली आणि उलगडली. म्हणजे उलगडायला गेले. हिवाळ्यात मुर्शिदांच्या घराचं मातीचं छत गळलं होतं आणि खालच्या पेटीत पडदा होता. घडीला घडी चिकटली होती. ओढलं की रंगाचे पापुद्रे सुटत. घोडे गेले, तंबू गेले, इमाम हुसेनांच्या हिरव्या झग्याच्या जागी नुसतं करडं कापड उरलं होतं. माहसुलतानने तोंडावर हात घेतला.

"हाजी फतहुल्ला काय म्हणतो, माहीत आहे?" मुर्शिद ओट्यावर बसले. हाजी म्हणजे तकियाचा कारभारी. "म्हणतो, आता पडद्यांचे दिवस गेले, कर्ण्यांचे आले. आशूराला पडदा उभा राहिला तर ठीक, नाहीतर इस्फहानहून एक मुल्ला आणतो, त्याचा स्वतःचा कर्णा आहे. एकदा तो कर्णा तकियात शिरला की बाहेर निघायचा नाही, खानम. यंदा चुकलं की कायमचं चुकलं. आणि पडदा काढणारे हात सगळे कबरीत गेले. एकच हात उरलाय या गावात."

असं म्हणून त्यांनी माडीकडे पाहिलं. माडीवर माहसुलतानचा मुलगा मनूचेहर झोपला होता.

तिच्या छातीत एकाच वेळी दोन गोष्टी झाल्या. अभिमानाने ती फुलली आणि भीतीने आवळली.

मनूचेहर म्हणजे काशानला न उलगडलेलं कोडं. लहानपणी कोळशाने आळीतल्या भिंती रंगवायचा आणि लोकांच्या शिव्या आईने झेलायच्या. पुढे जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढू लागला. पगार होता, टेबल होतं, आईला शांत झोप लागत होती. मग एक दिवस कचेरी सोडली आणि तेहरानला गेला. तिथे त्याची चित्रं दिवाणखान्यांत लागली, दोन पातळशी कवितांची पुस्तकं निघाली, वर्तमानपत्रात फोटो छापून आला. तो फोटो माहसुलतानने साखरेच्या डब्यात ठेवला होता, कारण पाहुणा आला की साखरेचा डबा उघडावाच लागतो.

पण गाव ते गाव. मनूचेहर कविता करी त्यात यमक नसे, आणि चित्रं काढी ती मातीच्या भिंतींची. नुसत्या भिंती, त्यांवरचं ऊन, फार तर एखादी खुंटी. नानवाई जब्बार पोळी भट्टीतून काढता काढता म्हणे, "खानम, भिंतीच करायच्या होत्या तर गवंडी व्हायचं होतं की! निदान कुणी आत राहिलं तरी असतं." दुसरा म्हणे, "आणि यमक? ते तेहरानला जाताना बसमधून पडलं वाटतं!" माहसुलतान उत्तर देई, "तुझ्या पोळीला तरी कुठे यमक आहे? खातोच ना आम्ही?" पण घरी येऊन ती एकटी बसे. कारण तिलाही ती पुस्तकं उमजत नव्हती. तिला वाचता येत नव्हतं, आणि त्याने वाचून दाखवलं तरी ती शेवटच्या शब्दाची वाट बघत राही, आणि तो शब्द येतच नसे.

मनूचेहर मशिदीतही फारसा दिसत नसे. एवढं मात्र खरं, की मुर्शिद गाऊ लागले की तो हातातलं सगळं टाकून खिडकीशी येई आणि शेवटच्या ओळीपर्यंत हलत नसे.

तो जिना उतरून आला. मेलेला पडदा त्याने बराच वेळ पाहिला, वाकून एक पापुद्रा बोटावर घेतला.

"मुर्शिद, मी काढीन. पण माझ्या पद्धतीने."

"तुझी पद्धत म्हणजे भिंती का रे बाबा?"

मनूचेहर हसला. "नाही, नदी. कापड अब्बांच्या रांजणात रंगवायचं, आईच्या हातांनी. आणि पुरं होईपर्यंत कुणी बघायचं नाही."

"मी पण नाही?" माहसुलतानने विचारलं.

"तू तर मुळीच नाही. तुझा चेहरा बघून मी ब्रश बदलतो."

कापड आलं. जाड, सुती, दोन पुरुष उंच आणि चार पुरुष रुंद. आधी सगळं डाळिंबाच्या सालीच्या पाण्यात उकळलं, तेव्हा ते वाळवंटासारखं पिवळसर झालं. मग खालचा अर्धा भाग निळीत. तुळईला दोर बांधून मायलेकांनी तो कापडाचा डोंगर हळूहळू रांजणात सोडला आणि हळूहळू वर घेतला. निळीतून कापड निघतं ते निळं नसतं, हिरवं असतं. वारा लागतो तसं डोळ्यांदेखत ते निळं होत जातं. माहसुलतानने हा चमत्कार हजारदा पाहिला असेल, तरी दर वेळी तिच्या तोंडून "सुभानल्ला" निघायचंच. मनूचेहर पाच बुचकळ्यांवर थांबणार होता.

"आणखी चार," ती म्हणाली.

"निळं झालं की गं."

"वरून झालंय. नदी काढतोयस ना? मग तिला तळ नको?"

ओढणी खोचून तिने आणखी चार बुचकळ्या दिल्या. नवव्या बुचकळीला त्या निळीत अशी खोली आली की मनूचेहर दोर हातात धरून नुसता बघत राहिला. "अब्बांना पण अशी साधली नव्हती," तो म्हणाला. माहसुलतान म्हणाली, "साधली होती. बोलून दाखवत नव्हते." पण तिला ठाऊक होतं, त्यांना नव्हती साधली.

मग रंगखान्याचं दार बंद झालं. ती उंबऱ्यावर ताट ठेवी. कधी रस्सा आणि पोळी, कधी चीज आणि पुदिना. रिकामं ताट परत येई, कधी भरलेलंच. आळीतल्या बाया लोकरीच्या निमित्ताने येत आणि दाराकडे माना वळवत. तूबामावशी, आळीतली सगळ्यांत म्हातारी बाई, सरळच म्हणाली, "शिम्र नीट काढतोय ना गं? मी सुई परजून ठेवलीये."

हे सुईचं सांगायला हवं. इमामांच्या गळ्यावर खंजीर चालवणारा तो शिम्र. काशानच्या जुन्या पडद्यावर तो लाल कपड्यांत, सुळे बाहेर, डोळे वटारून उभा असे. आशूराला कथा त्या जागी आली की तूबामावशी उठे, गालिच्याची मोठी सुई काढून त्याचे डोळे फोडी, आणि बायकांच्या रांगेतून शिव्याशापांचा पाऊस पडे. मग वर्षभराने चितारी नवे डोळे काढी, की ते फोडायला तूबामावशी हजर. माहसुलताननेही तरुणपणी दोनदा केसातला काटा चालवला होता. पुण्याचंच काम मानत सगळ्या.

आशूराला पाच दिवस उरले असताना मनूचेहर हमामखान्यात गेला आणि माहसुलतानचा धीर सुटला. तिने कडी काढली.

आधी दिसली नदी. ती कापडाची नदी नव्हती. पायाला गार लागेल असं वाटून ती चक्क मागे सरली. तिच्या निळीवर त्याने इतके कमी हात फिरवले होते की जणू नदी आधीपासूनच तिथे होती, आणि त्याने फक्त काठ काढला होता. वर पिवळी तापलेली वाळू. एका बाजूला तंबू, हिरव्या झग्यातले पुण्यात्मे, चेहऱ्यांवर पांढरा बुरखा, रिकामी पखाल घेतलेला इमामांचा भाऊ, आईच्या कुशीतलं तहानलेलं बाळ. ती नखशिखान्त रडायला सज्ज झाली.

आणि मग तिने दुसरी बाजू बघितली.

नदी आणि तंबू यांच्यामध्ये फौज उभी होती. पण ना सुळे, ना लाल कपडे. माणसं होती. एक शिरस्त्राण काढून घाम पुसत होता. एक घोड्याला पाणी पाजत होता. एकाने मनगटाला ताईत बांधला होता, कुणीतरी घरून निघताना बांधतं तसा. एकाच्या हातात उघडा खंजीर होता आणि तो भलतीकडेच बघत होता. खाली कडेला एक ओळ लिहिली होती.

मनूचेहर परतला तेव्हा ती दारातच उभी होती.

"शिम्र कुठाय रे?"

"आहे की तिथेच."

"कुठला? सगळे सारखेच दिसतायत! मनू, लोक मला फाडून खातील. हाजीला निमित्तच हवंय. म्हणेल, बघा, तेहरानच्या शायराने यजीदाच्या फौजेला माणसं केलं. मुर्शिद पडद्यापुढे उभे राहून काय गाणार? हे तुझं दिवाणखान्यातलं चित्र नाही रे, यावर लोक वर्षाचं रडणं ठेवून बसलेत!"

तो शांतपणे म्हणाला, "आई, सुळे असलेल्या माणसाने पाणी तोडलं तर त्यात नवल काय? मला नवल याचं वाटतं की यांनी तोडलं."

"खाली काय लिहिलंयस?"

"'नदी कुणालाच नाही म्हणाली नव्हती.'"

ती पुढच्या शब्दासाठी थांबली. तो आलाच नाही.

मनूचेहरने मंजिष्ठेचा लाल रंग वाटीत घोटला, त्यात ब्रश बुडवला आणि तिच्या हातात दिला. "तू कथा माझ्यापेक्षा जास्त ऐकलीस. तुला वाटतं ना, की यातल्या एकाला लाल करायला हवं? कर. मी एक शब्द बोलणार नाही. पोळ्या घेऊन येतो." आणि तो खरंच गेला.

माहसुलतान पडद्यापुढे उभी राहिली. खंजीरवाल्यापाशी गेली. ब्रश उचलला. त्याचं तोंड तिने जवळून पाहिलं. दाढी नीट विंचरलेली, डोळ्यांखाली अपुऱ्या झोपेची सावली. आळीतून जाता-येता सलाम करील, लोकरीचं ओझं उचलून देईल असा माणूस. सुळेवाल्या शिम्रची तिला कधी भीती वाटली नव्हती. त्याच्याकडे ती सुई घेऊन गेली होती. ह्याची वाटली. ह्याने सलाम केला असता तर आपण उलट सलाम केला असता, चहाही दिला असता.

लाल थेंब ब्रशाच्या टोकावरून जमिनीवर पडला. तिने ब्रश वाटीत ठेवला, ओढणीने वाटी झाकली आणि पडद्याला पाठ करून ओट्यावर येऊन बसली.

मनूचेहर पोळ्या घेऊन आला. त्याने आत डोकावून पाहिलं. "केलं नाहीस?"

"पोळ्या गार होतायत," ती म्हणाली. "बस."

आशूराच्या आदल्या दिवशी मुर्शिद पडदा न्यायला आले. दोन घटका ते त्याच्यासमोर मांडी घालून बसले. ती खालची ओळ मनूचेहरकडून दोनदा वाचून घेतली, ओठांतल्या ओठांत घोळवली. माहसुलतानने त्यांच्या चेहऱ्यावर काही वाचता येतं का पाहिलं. पण तीच तर तिची पंचाईत, वाचायला तिला कधीच आलं नव्हतं. मुर्शिद उठले, म्हणाले, "गुंडाळा," आणि गेले.

दुसऱ्या दिवशी तकियात मुंगीला जागा नव्हती. एका अंगाला काळ्या सदऱ्यांतले पुरुष, दुसऱ्या अंगाला बुरख्यांतल्या बायका. भिंतीशी हाजी फतहुल्ला हातातली माळ भरभर ओढत बसला होता. मनूचेहर दाराशी, लोकांनी काढून ठेवलेल्या चपलांपाशी उभा. पडद्यावर पांढरी चादर होती. मुर्शिदांनी देवाचं नाव घेतलं, छडी उचलली आणि चादर एका कडेने सरकवायला सुरुवात केली.

आधी वाळू. मग तंबू. मुर्शिद गात होते ते गाणं माहसुलतानच्या हाडांत होतं. पुढचा शब्द तिला आधी येई. बाळ आलं, पखाल आली, हुंदके सुरू झाले. मग नदी उघडली आणि पुढच्या रांगेतून एक लांब "आह" उठली. त्या उन्हाच्या दुपारी, तहानलेल्या त्या गर्दीसमोर, ती नीळ अशी पसरली की कुणीतरी थेट हातच पुढे केला. माहसुलतानच्या शेजारची बाई पुटपुटली, "ही नीळ कुणाची गं?" माहसुलतानने आपले निळे हात बुरख्यात ओढून घेतले.

मग फौज उघडी पडली. शिम्रचं नाव आलं. आणि तूबामावशी सुई घेऊन उठली.

ती पडद्यापाशी गेली. डाव्या हाताने कापड चाचपत एका तोंडापाशी आली, दुसऱ्यापाशी, तिसऱ्यापाशी. थांबली. मागे वळून तिने सगळ्या तकियाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"मुर्शिद, यातला शिम्र कुठला?"

हाजीची माळ थांबली, तो अर्धा उठला. पुरुषांतून कुणीतरी खालच्या आवाजात म्हणालं, "म्हटलं नव्हतं? शायराच्या हातात दिलं की असंच होणार." माहसुलतानने डोळे मिटून घेतले.

मुर्शिदांनी छडी खाली टेकवली. आणि उत्तर बोलले नाहीत, गायले. त्याच चालीत, पण जे कधी कुणी ऐकलं नव्हतं ते.

"तूबा, माझी बहीण, नीट शोध गं. त्या दिवशी तिथे कुणी सुळे लावून नव्हतं आलं. आयांनी जेवू घालून पाठवलेले होते ते. सकाळी याच पाण्याने तोंड धुतलं, याच पाण्याने हात धुऊन नमाज पढले, आणि याच पाण्यावर पहाऱ्याला बसले. तोंड बघून नाही सापडायचा तो. हात बघ, तूबा, हात बघ. आणि मग आपला बघ. नदी कुणालाच नाही म्हणाली नव्हती…"

ती ओळ त्यांनी लांबवली, खाली आणली, पुन्हा उचलली. "नदी कुणालाच नाही म्हणाली नव्हती." तिसऱ्या वेळी पुरुषांची अख्खी रांग छाती पिटत तीच म्हणू लागली. माहसुलतानने डोळे उघडले. ती शेवटच्या शब्दाची वाट बघत नव्हती. सगळं आधीच आलेलं होतं.

तूबामावशीने आपल्या हातातली सुई पाहिली. मग तिने सुई बुरख्याच्या टोकात खोचली, पडद्यावरच्या नदीवर आपला सुरकुतलेला तळवा ठेवला आणि "पाणी! बाळाला पाणी!" असा हंबरडा फोडला, की त्यानंतर कुणालाच कुणाची शुद्ध राहिली नाही. दर वर्षी या जागी शिव्या ऐकू यायच्या. त्या दिवशी माणसं आपापल्या गुडघ्यांत तोंड घालून रडली. नानवाई जब्बार तर असा रडत होता की शेजाऱ्याने त्याला आपला रुमाल दिला आणि तो परत मागितला नाही.

कथा संपली. शरबताचे पेले फिरू लागले. हाजी फतहुल्ला लाल डोळ्यांनी पडद्यापाशी आला, फौजेतल्या त्या घाम पुसणाऱ्या माणसाकडे बघत उभा राहिला, मग घसा साफ करून म्हणाला, "पुढच्या वर्षीही हाच टांगायचा, मुर्शिद. आणि मधे कुठेही गळक्या छताखाली ठेवायचा नाही. तकियात ठेवा. मी कपाट करून घेतो."

"आणि तो कर्णेवाला?" मुर्शिदांनी विचारलं.

"इस्फहानात गर्दी कमी आहे का? तिथेच ओरडू दे त्याला."

तेवढ्यात चपलांपाशी गडबड झाली. मनूचेहर निघायच्या बेतात होता, आणि दोघातिघांनी त्याला दंडाला धरून पुढे आणला होता. जब्बारही त्यातच होता. म्हणत होता, "चल रे गवंड्या, चल, आता कुठे पळतोस!" मनूचेहर लाजून जमिनीकडे बघत होता, त्याच्या नखांत अजून नीळ होती.

मुर्शिदांनी छडी वर धरली. गलका थांबला.

"काशानच्या लोकांनो! या हाताला मी काय देणार? माझ्याकडे गळ्याशिवाय काही नाही. ज्या बापाने याला रंग दाखवला त्याची कबर उजळो. आणि ज्या माउलीच्या दुधावर हा हात वाढला, जिने ही नदी नऊ वेळा बुडवली, त्या दुधावर, त्या निळ्या हातांवर, मोठ्याने एक सलवात!"

बायकांच्या साऱ्या माना माहसुलतानकडे वळल्या. रीत अशी आहे की आपल्या नावाने सलवात, म्हणजे पैगंबरांसाठीची दुआ, मागितली की आपण खाली मान घालावी, ओठांतल्या ओठांत देवाचे आभार मानावेत, आणि बाकीच्यांना म्हणू द्यावी. जन्मभर रीतीने वागलेली बाई ती. पण त्या दुपारी तिने बुरख्यातून दोन्ही निळे हात कोपरापर्यंत बाहेर काढले, वर उचलले, आणि सगळ्या तकियाच्या आधी, सगळ्या तकियाहून मोठ्या आवाजात स्वतःच सलवात म्हटली.